सोड की त्याला

मालिकेच्या आजच्या भागात एका यंत्रमानवाला तळघरात कोंडून ठेवलं होतं. मालक त्याच्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घेत होता आणि तो बिचारा निमूटपणे बोलत होता.

"सोड की रे त्याला. किती पिळशील?" शिंपीकाका टीव्हीकडे बघून करवादले.

तेवढ्यात शेजारी ठेवलेला मोबाइल बोलला, "अहो, गोळी घेतली का?"

काकूंनी शेवटच्या आजारपणात स्वतःच्या आवाजात ते भरून ठेवलं होतं. 'घेतली' या बटणावर बोट ठेवेपर्यंत मोबाइल थोड्या थोड्या वेळाने विचारतच राही.

स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बाबा, मगाशी माझ्यासमोर घेतलीत ना गोळी? मग दाबा की ते बटण. आई बिचाऱ्या विचारून विचारून दमतील."

"दाबतो गं," काका म्हणाले. यंत्रमानव पुन्हा तेच वाक्य बोलायला लागला, तसा त्यांनी टीव्ही बंद केला.



आणि मोबाइल मांडीवर घेऊन ते पुढच्या 'अहो'ची वाट बघत बसले.