कोणी का असेना

"न्याय म्हणजे काय? घरी विचारून पाच ओळी लिहा." गृहपाठ एवढाच होता. घरी कोणी नव्हतं, म्हणून न्हाव्याची लेक वही घेऊन दुकानात येऊन बसली होती.

न्हावी वस्तऱ्यात पातं बसवत होता. "सोपं आहे गं. दुकानात जो आधी येईल, त्याचा नंबर आधी. मग तो कोणी का असेना. झाला न्याय."

लेकीने जिभेचं टोक बाहेर काढून त्याचं बोलणं पेनने वहीत उतरवलं. दोन ओळी झाल्या. तीन उरल्या.

तेवढ्यात न्यायाधीश आत आले. दर बुधवारी ते इथेच दाढी करत. दहाला त्यांचं कोर्ट भरायचं आणि साडेनऊ होऊन गेले होते. न्हाव्याने कापड झटकलं. "या साहेब, बसा."

"बाबा," वहीतून मान वर न करता लेक म्हणाली, "आधी त्याचा नंबर आहे."

बाकाखाली कोपऱ्यावरचा झिपरा कुत्रा पसरला होता. दुकान उघडल्यापासून.

"अगं, कुत्रा आहे तो."

"कोणी का असेना. तुम्हीच सांगितलंत. पेनने लिहिलंय."

न्हाव्याने त्या पानाकडे पाहिलं. फाडता आलं असतं. पण मग उरलेल्या तीन ओळींत ती काय लिहील, हे त्याला न विचारताच कळलं. आजवर त्याने गावभरच्या हजामती केल्या होत्या. आज पोटच्या पोरीने त्याची बिनपाण्याने केली.

"साहेब, पोरीचं मनावर घेऊ नका. त्याला कुठे केस कापायचेत."

न्यायाधीशांनी चष्मा लावला. दोन ओळी दोनदा वाचल्या. "कलम स्पष्ट आहे," ते म्हणाले. "कापायचेत की नाही, हे त्याला विचारलंत?"

"कुत्र्याला?"

"बाजू ऐकून घेतल्याशिवाय निकाल देता येत नाही." आणि ते बाकावर बसले.

न्हाव्याने खुर्चीवर थाप मारली. कुत्रा आळोखेपिळोखे देत उठला आणि रोजचंच असल्यासारखा उडी मारून खुर्चीत बसला. कपाळावरच्या झिपऱ्या उतरल्या तेव्हा खाली दोन डोळे निघाले. कुत्र्याने आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मागून अजून बारीक करू?" न्हाव्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

लेकीने तिसरी ओळ लिहिली : 'कुत्र्यालाही विचारतात.'

ती वाचून न्हाव्याला एकदम हलकं वाटलं. त्याने न्यायाधीशांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, गालाला फेस लावला. कुत्रा बाहेर एक चक्कर मारून आला आणि बाकाखाली पुन्हा आपल्या जागेवर बसला.

दहा वाजून गेल्यावर कोर्टाचा शिपाई धापा टाकत दारात आला. "साहेब, सगळे खोळंबलेत तिकडे."

"तुमचा नंबर त्याच्यानंतर," लेकीने पेनने बाकाखाली दाखवलं.

शिपायाने कुत्र्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आरशातूनच, फेसासकट, मान डोलावली.

शिपाई टोपी काढून बाकाच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला.