गिऱ्हाईक नाराज असेल तर

उद्या ब्रह्मपुरीच्या नव्या सलूनमध्ये डिंपलची मुलाखत होती. मोबाइलवर पाहून उतरवलेले प्रश्न ती वहीतून मोठ्यानं वाचत होती. ओसरीत तिचा बाप डोमा वस्तऱ्यात नवं ब्लेड बसवत होता.

“गिऱ्हाईक नाराज असेल तर काय कराल? हसून माफी मागेन.” तिनं मान वर केली. “बाबा, तुमी काय करता?”

“माह्याकडचे तं सारेच नाराज रायतात.”

“तीस वर्सं झाली, अन् एकबी खुश नाई?” ती हसली.

डोमा हसला नाही. “हुंदका आला का डोकं हलते. मंग वस्तरा बाजूले घ्याचा. काई बोलाचं नाई, घाई कराची नाई. तो शांत झाला का मंगच पुढं.”

“कटिंगले रडते कोन, बाबा?”

“कटिंगवाले आता सलूनमंदीच जातात, बाई. माह्याकडं दहाव्याचीच डोकी उरली.”

पेटी उचलून तो वैनगंगेच्या घाटाकडे निघाला.

डिंपलनं ‘हसून माफी मागेन’ खोडलं आणि त्यापुढे लिहिलं, ‘थांबेन.’