पाचातली एक

संगमेश्वरनं हातातली कात्री गल्ल्याशेजारी ठेवली, तेवढ्यात छबुबाईनं पदराची गाठ सोडून चंदेरी पाकिटाचा एक रिकामा चौकोनी तुकडा मेडिकलच्या काचेवर आपटला. कडा सरळ कापलेल्या.

"ही गोळी तूच दिलतीस ना?"

"मावशी, हळू. गिऱ्हाईक हाय." तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी मूठ मिटून बाजूला सरकली.

"नऊ दिस झाले. सुनंच्या अंगावरून एक थेंब गेला न्हाई."

सायली खांबाला टेकून उभी होती. ती बाजूला बसणार म्हणून गोळी घेतल्या दिवशीच सासूनं पडवीत वाकळ नेऊन ठेवली होती. वाकळीची घडी काही मोडली नाही.

"अंगात रक्त असंल तर जाईल ना," संगमेश्वरनं फळीवरून टॉनिकची बाटली काढली. "ही पाजा. बीट खाऊ घाला."

"बीट!" छबुबाईनं बाटली परत ढकलली. "सकाळी दवाखान्यातली सिस्टर म्हणली, पोट पाडायच्या पाच गोळ्या असत्यात. आधी एक, मागून चार. अंगावरून जातं ते त्या चारानं. कुठं हायेत त्या चार?"

"माल येत न्हाई, मावशी. धाडी पडत्यात. एकालाच आख्खं पाकीट दिलं तर बाकीच्या बायांनी जावं कुठं? आन तुमच्या अंगदनं एकच मागितली. म्या एक दिली."

रस्त्याच्या कडेला सायलीचा नवरा अंगद गाडी चालूच ठेवून बसला होता. मान मोबाइलात.

"त्यो लाजला. दोन लेकरांचा बाप हाय, पण लई लाजाळू. तुला तर समद्या गोळ्यांची नावं पाठ हायेत. तू कावून न्हाई बोललास?"

संगमेश्वर फडक्यानं काच पुसू लागला. तुकड्याच्या भोवतीनं.

"आता उशीर करू नका, बीडला न्या म्हणली सिस्टर. तिथं समदे इचारणार, पोरगी व्हती म्हणून पाडायला निघाला का? आमालाच इचारणार. तुला कोण इचारणार हाय?"

"आत्या, चला," सायली हळूच म्हणाली.

दोघी वळल्या. स्कार्फवाली पोरगी अजून तिथंच उभी होती. ती पुढं आली. काचेवर, त्या रिकाम्या तुकड्याशेजारी, तिनं मूठ उघडली.

कात्रीनं सरळ कापलेला तुकडा. गोळी अजून आतच होती.