सेनापतीचं पार्सल

२०१९ साली बहरीनमधल्या एका मराठी मंडळासाठी चारुलताने एकांकिका बसवली. विषय होता शंभर वर्षांपूर्वी युक्रेनमधल्या यादवी युद्धात लढलेली शेतकऱ्यांची सेना: काळा झेंडा, ना राजा ना मालक, सेनापतीसुद्धा सैनिकांनी निवडलेला. मंडळातले इंजिनिअर शेतकरी वाटेनात, म्हणून तिथल्याच सित्रा भागातल्या लेबरकॅम्पातले मराठी वेल्डर आणले. त्यांतल्या बाळाजीचा सेनापती प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. प्रयोगानंतर चारुलतासह सभासद जेवायला बसले. वेल्डर हात धुऊन येताच कार्यवाह अश्विनीने पार्सलं वाटली. “बस थांबलीय तुमची, यल्ला, चला चला!” बाळाजी चारुलताकडे वळून हसला. “काय ओ बाई, पडदा पडला नि राजा परत आला?” तिने नुसतं ‘बसा’ म्हटलं असतं तरी ते पंगतीला बसले असते, पण ती वरणभात कालवत राहिली. अश्विनी पुढे अध्यक्ष झाली. बाळाजी गुहागरला परतला. दर शिमग्यात तीच एकांकिका करतो, दिग्दर्शिका म्हणून चारुलताचं नाव घेतो. बोलावणं येतं, तिला जाववत नाही.