ढवळीची बोळवण

“मेल्या गाईची गं माझ्या, कोण करील बोळवण?
आभाळाचे पंखवाले, तिला नेती उचलून...”

आईचा जात्यावरचा आवाज. ती जाऊन किती पावसाळे लोटले, पण आज सकाळपासून तो यशोदाबाईच्या कानात दळतच होता. डोळ्यांपुढं तिची ढवळी पिकअपमधून माळावर उतरत होती. चारही पाय ताठ. डोळे उघडे.

“पुरू या रं तिला,” ती पुन्हा म्हणाली. “आंब्याखाली खड्डा घेऊ. मीठ मी आणते.”

“आई, आता नको गं तेच तेच,” नवनाथ म्हणाला.

समोर त्र्यंबकच्या पलीकडचा उंच कडा. त्याच्या कपारीत गिधाडांची घरटी, आणि यशोदाबाईचा लेक त्यांचा राखणदार. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी पाळीपाळीनं ते उबवतात. मग लांब लांब उडून पोटभर खाऊन येतात, आणि पोटातलं उलटून पिलाच्या चोचीत भरवतात. पिलू गेलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. यंदा सगळ्या कड्यावर एकच पिलू उरलं होतं. दारोदारी ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे झाले, माळावर मेलेलं जनावर येईना. नवनाथ दुर्बिणीतून रोज बघायचा. आईबाप उपाशी परतायचे. पिलू चोच उघडायचं, मिटायचं. इकडं नवनाथच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती.

म्हणून आज पहाटे ढवळी गेली, तेव्हा तो आधी रडला आणि मग हसला. किती दिवसांनी हसला. ते हसू बघून यशोदाबाईनं ओठावर आलेलं गिळलं.

त्यानं तिला विचारलंही होतं. गुराच्या प्रत्येक मालकाला विचारायचा, तसंच. “दुखणं थांबवायची सुई नाय ना टोचली कुणी? ते औषध मांसात राहतं. पाखराच्या पोटात गेलं की त्याची किडनी जाते. बसल्या जागी मान लोंबते, संपलं.”

“डॉक्टर आलाच नाय,” ती म्हणाली होती. खोटं नव्हतं ते.

गाडीवाल्या चंदरनं दोर सोडला, हात झटकले. “काकू, नशीबवान हाय तुमची गाय. आपल्याला चार खांदे मिळायची मारामार, अन् हिला न्यायला विमानं येणार!”

“थोबाड बंद कर, मेल्या!”

ऊन तापलं. निळ्या आभाळात एक ठिपका फिरू लागला. गिधाड नजरेनं शोधतं. एक उतरलं की कोसभरावरचं दुसरं त्याला बघून वळतं, दुसऱ्याला बघून तिसरं.

“पहिलं उतरू दे फक्त,” नवनाथनं हात जोडले. “मग सगळा कडा जेवेल, आई.”

सगळा कडा. यशोदाबाई दोन पावलं पुढं सरकली.

ठिपका मोठा झाला. पंख झाले. धप्पकन पहिलं गिधाड उतरलं आणि उड्या मारत ढवळीकडं सरकलं.

यशोदाबाई धावली. लंगडत, पदर हलवत, ओरडत धावली. “हाऽड! हाऽड!”

“आई! अगं काय करतीस?”

तिनं दगड उचलला. गिधाड दोन उड्या मागं सरलं, पण गेलं नाही. उपाशी होतं. वर आणखी पाच-सहा घिरट्या घालू लागली.

“माया आवरा काकू आता,” चंदर म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

यशोदाबाईनं काही ऐकलं नाही. ती ढवळीवर पालथी पडली. दोन्ही हातांनी जेवढी गाय झाकता येईल तेवढी तिनं झाकली. नवनाथ आला आणि त्यानं तिचा दंड धरून ओढला. जन्मात पहिल्यांदा त्यानं आईवर हात टाकला होता.

“गाय मेली, आई!” त्याचा आवाज फाटला. “ती काय परत यायची नाय. ते पिलू अजून जितं हाय! त्याची दया येत नाय तुला?”

“येते, म्हणून तर!” तिनं वर बघितलं. पंखांची सावली तिच्या तोंडावरून फिरत होती. “रातभर कण्हत होती रं ती. मला ऐकवंना. सुई नाय दिली मी, नवनाथा... माझ्या गुडघ्यांच्या दुखण्यावर तू गोळ्या आणल्या होत्या ना, त्या सगळ्या गुळात घालून तिला चारल्या.”