मी ओरडलीच नाही

जयवंता दर मंगळवारी कामठीहून बसनं यायची, रामदासपेठेत समुपदेशक चारुशीलासमोरच्या खुर्चीत बसायची आणि कारखान्यातल्या आगीची तीच सात वाक्यं तशीच्या तशी म्हणायची. पोलिसांना, वकिलाला, नातेवाइकांना सांगून ती इतकी घोटली गेली होती की त्यात धूरसुद्धा उरला नव्हता. शेवटचं वाक्य ठरलेलं. "मी ओरडलीच नाही, मॅडम. ओरडली असती तर रुख्माबाई वाचली असती."

आठ मंगळवार चारुशीलानं तिची समजूत काढली आणि आठही मंगळवार तोंडघशी पडली. आज तिनं वही मिटली. कारखान्यात एकमेकींना हाक कशी मारता, एवढंच विचारलं.

जयवंताला या शिकल्यासवरल्या बाईची कीवच आली. चोवीस यंत्रमाग एकदम धडधडतात, तिथं कोण कोणाला हाक मारणार? सगळं हातानंच. धागा तुटला की दोन बोटं. पाणी प्यायला चल म्हणायचं तर अंगठा ओठाला. मालक आला की मिशीला पीळ. सांगता सांगता ती चक्क हसली.

"आणि बाहेर पळा म्हणायचं असलं तर?"

जयवंताचा हात डोक्यावर गेला, तिथून जोरात दाराकडे फेकला गेला आणि तसाच हवेत राहिला. ती त्या हाताकडे बघत बसली.

"सांगतलं होतं मी," ती हळूच म्हणाली. "काजलनं पाहिलं, मंग पाची जणी पळाल्या. रुख्माबाईची पाठ होती माझ्याकडे. तिले दिसलंच नाही, मॅडम."

मग ती रडली, नऊ मंगळवारांत पहिल्यांदा. चारुशीलाचेही डोळे भरले, पण तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो तिनं लपवला नाही.

बाहेर टीव्ही मोठ्यानं चालू होता. दर वेळी सोबत येणारी काजल पार टोकाच्या बाकावर बसली होती. दारात उभ्या जयवंतानं हाक मारली नाही. हात डोक्यावर नेला आणि जिन्याकडे फेकला.

काजल ताडकन उठली. शेजारच्या अनोळखी बाईचं मनगट धरून जिन्याकडे निघालीसुद्धा.

"थांब वं पोरी," जयवंता डोळे पुसत म्हणाली. "ऐकू येते का, तेवढं पाहिलं."

काजलनं त्या बाईचा हात सोडला.

"तेव्हाबी आलंच होतं ना, काकू."