ऑइल सील

अर्जुनरावांची तेरवी झाली आणि त्यांची मुलगी अनुपमा ती जुनी, गोल पाठीची गाडी उंद्रीहून चिखलीला माणिकरावांच्या गॅरेजात घेऊन आली.

"काका, गाडी विकाची हाये. घेणारा म्हणते, आधी तेल गळणं बंद करा."

माणिकरावांनी गाडीखाली वाकून पाहिलं. पाण्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं ते इंजिन त्यांच्याच हाताखालचं होतं. दर रविवारी अर्जुनराव यायचे, गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे, अर्धा लिटर तेल ओतून घ्यायचे आणि दुपारपर्यंत बाकड्यावर चहा पीत गप्पा मारत बसायचे. या इंजिनाचं तेल अडवणारं रबरी सील आता कुठंच भेटत नाही, असं माणिकराव त्यांना बारा वर्षं सांगत आले होते.

आज त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूचं इंजिन खाली उतरवलं. मग टेबलाचा खण उघडला आणि पिवळी पडलेली पुडी फोडून कोरं सील बाहेर काढलं.

"पोरी, तुह्या बापाशी मी खोटं बोललो. हे माह्यापाशी पहिल्याच वर्षी आलं होतं. बसवलं असतं त तो इथं कायले आला असता?"

अनुपमा उठली. गाडीची पुढची डिकी उघडून तिने स्टेपनीमागून फडक्यात गुंडाळलेलं, अगदी तसंच एक सील आणून त्यांच्या हातावर ठेवलं.

"बाबानंही मागवलं होतं, काका. मी म्हणो, माणिककाकाले देऊन टाका. त म्हणत, 'देलं त मंग रविवारी जाऊ कुठी मी?'"